पदराआडचा कान

सुनेला पांढरकवड्याच्या एका औषधाच्या दुकानात काम लागलं, तेव्हा नातीचं काय करायचं हे कोणी विचारलंसुद्धा नाही. ती माझ्याजवळ राहणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मीही. सून सकाळच्या गाडीनं जायची ती दिवे लागायच्या वेळी यायची. मुलगा त्याच्या कामावर, हे शेतात. मधला सगळा दिवस ती पोरगी आणि मी. माझ्या आयुष्यात मला इतकं मोठं काम याआधी कोणी विश्वासानं दिलं नव्हतं असं मला वाटायचं, पण हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही.

मी फार बोलणारी बाई नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही गुरुजींनी विचारलं की उत्तर येत असून तोंडातून निघायचं नाही. लग्न होऊन या घरी आले तेव्हा त्याचं कौतुकच झालं. पोरगी गरीब आहे, शब्दाला शब्द देत नाही, असं सासूबाई चार बायकांत सांगायच्या. कोणी काही सांगितलं की मी मान हलवून हव म्हणायची. हव म्हटलं की समोरच्याचं समाधान होतं आणि तो आपल्या वाटेनं जातो. मग आपणही आपल्या कामाला मोकळे.

गेल्या काही वर्षांत मला हव जरा जास्तच म्हणावं लागत होतं, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटायचं आजकाल लोकच हळू बोलतात. सून तर ओठातल्या ओठात बोलते असं माझं पक्कं मत झालं होतं. यांचं बोलणं मात्र मला नीट कळायचं. यांचा आवाज बैलांना हाका मारून मारून जाड झालेला, तो भिंतीपलीकडूनही यायचा. सुनेचा आवाज बारीक. तिनं दोनदा विचारलं तरी मी आपली भाकर थापत बसलेली असायची. शेजारी राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईंना यात मोठी मजा वाटायची.

"नवऱ्यानं खाकरलं तरी उठून पाणी देते, अन् सून वरडून राह्यली तं पाहतबी नाई," त्या म्हणायच्या. "सासू झाली वं माही बाई! उशिरानं झाली, पन झाली."

सून हसायची, पण तिला ते लागत असावं. मला कळायचं नाही की मी असं केलं तरी काय.

आमच्याकडे कापूस वेचून आणला की लगेच विकत नाहीत. घरातली एक खोली रिकामी करून तिथं टाकतात आणि ती पार वरपर्यंत भरते. लेकरांना त्या ढिगावर उड्या मारायला फार आवडतं. लहानपणी आम्हीही मारल्या आणि मारही खाल्ला, कारण कापसात लेकरू रुतलं तर त्याला वर येता येत नाही आणि तोंडानाकात कापूस जातो. म्हणून कापूस घरात असला की त्या खोलीला वरची कडी लावलेली असते.

त्या दिवशी मी सपरीत, घरापुढच्या पडवीत, बसून अंबाडीची भाजी निवडत होते. पोरगी आत खेळत होती. घर शांत होतं. इतकं शांत, की मला ती झोपली असं वाटलं. दुपारचे हे शेतातून काहीतरी न्यायला आले, आणि उंबऱ्यात पाय ठेवताच पळत आत गेले. मी उठेपर्यंत ते पोरीला काखेत धरून बाहेर आले होते. ढीग आणि भिंत यांच्या सापटीत ती घसरली होती. केसांत, भुवयांवर, नाकाशी कापूस. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. आधी मला वाटलं मलाच येत नाही. मग समजलं, रडून रडून तिचा आवाज बसला होता; उंबऱ्यात यांना ऐकू आलं ते तिचं शेवटचं घोगरं कण्हणं होतं.

"कोठी होती वं तू?" यांनी विचारलं.

"इथंच."

"मंग आयकू नाई आलं?"

मी तिथंच होते आणि घर शांत होतं.

संध्याकाळी सून आली. तिनं पोरीला पोटाशी धरलं आणि तिच्या केसांत उरलेला कापूस वेचून काढला. नंतर माझ्यासमोर येऊन बसली. रागावलेली नव्हती, तेच मला जास्त जड गेलं.

"आत्याबाई, सकाळी निघताना मी सांगितलं होतं ना, कापसाच्या खोलीले कडी लावजा? तुम्ही हव म्हनलं."

हव म्हटल्याचं मला आठवत होतं. कशाला म्हटलं ते आठवत नव्हतं.

मग एकेक गोष्ट निघाली. जावयाचा फोन आला होता तो निरोप मी दिला नव्हता. दूधवाल्याला उद्या येऊ नको सांगायचं होतं, ते सांगितलं नव्हतं. मुलगा बापाकडे पाहून म्हणाला, "माय विसरून राह्यली, बाबा. तिच्या मायचंबी असंच झालतं." तो हळू बोलत होता, पण त्याचं तोंड माझ्यासमोर होतं आणि मला कळलं.

माझ्या आईनं शेवटी शेवटी मला विचारलं होतं, "तू कोनाची वं?" मी तिच्या उशाशी बसून तिला पेज पाजत होते. ते मला रोज आठवत होतं. म्हणून मुलगा बोलला तेव्हा मी भांडले नाही. मलाही तेच वाटत होतं. चुलीपुढे बसून मी मनातल्या मनात सगळ्या भाच्यांची, पुतण्यांची नावं घेऊन पाहायची, काल काय रांधलं ते आठवून पाहायची. सगळं बरोबर यायचं. तरी घरातले म्हणतात तर कुठंतरी सुटत असेलच, असं वाटायचं.

ठरलं असं, की संक्रांत झाली की पोरीला पुसदला सुनेच्या माहेरी ठेवायचं. पुसद म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. महिन्यातून एखाद्या वेळी पाहायला मिळाली तर मिळाली. सून म्हणाली, "त्याच्या आधी एकदा आत्याबाईले यवतमाळले दाखवून तं आनू." औषधाच्या दुकानात राहून तिला दवाखान्याची भीती राहिली नव्हती.

मोठ्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. विसरण्याच्या आजाराची डॉक्टरीण अगदी तरुण होती, तोंडावर पट्टी बांधलेली. तिनं मला काहीतरी विचारलं. यांनी उत्तर दिलं. तिनं पुन्हा विचारलं. यांनी पुन्हा दिलं.

"आजोबा, तुम्ही नाही. आजींना बोलू द्या."

"थे पहिल्यापासूनच कमी बोलते," हे म्हणाले.

नंतर ती माझ्याकडे पाहून काही शब्द बोलली. मी हव म्हटलं. तिनं हातानं खूण करून पुन्हा सांगितलं. मी पुन्हा हव म्हटलं. ती काहीतरी लिहायला खाली वाकली आणि सून खिडकीबाहेर पाहू लागली. मला वाटलं, झालं. पोरगी गेली पुसदला.

मग त्या डॉक्टरणीनं पट्टी हनुवटीखाली ओढली, खुर्ची सरकवून माझ्या गुडघ्याशी आली आणि म्हणाली, "आजी, मी मघाशी काय म्हणाले?"

हव माझ्या तोंडात आलंच होतं. पण तिचे ओठ आता दिसत होते, आणि प्रश्नाला हव चालणार नाही हे मला समजलं.

"मले नाई समजलं," मी म्हटलं. "तुमच्या तोंडावर कापड होतं."

ती हसली. सुनेकडे वळून म्हणाली, "आधी कान तपासून घ्या. डोक्याचं मग पाहू. जे कानातच गेलं नाही, ते लक्षात कसं राहणार?"

कान तपासायची खोली लहान होती, दार लावलं की कोंडल्यासारखं वाटायचं. कानावर जाड डबे बसवले, हातात एक बटण दिलं. बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे एक बाई बसली होती. ती खाली पाहायची, हात हलवायची, मग माझ्याकडे पाहायची. तिनं पाहिलं की मी बटण दाबायची. बिचारी वाट पाहते आहे, तिचं काम अडायला नको.

थोड्या वेळानं ती आत आली. "आजी, मी आवाज बंद ठेवला होता तरी तुम्ही दाबलं."

"माझ्याकडे पाहू नका. भिंतीकडे तोंड करून बसा. आवाज आला तरच दाबा. नाही आला तर नाही. त्यात चूक काही नाही."

तिनं माझी खुर्ची फिरवली. समोर नुसती पांढरी भिंत. मी वाट पाहू लागले. कोणाचं तोंड नाही, हात नाही, मान नाही. पाहून काही ओळखता येत नव्हतं. भिंतीकडे पाहत मी किती वेळ बसले कोण जाणे. मधूनच एखादा जाड घूं असा आवाज यायचा, तेव्हा मी दाबायची. आणि मग पुन्हा काहीच नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं असेल. मागं वळून काचेतून पाहिलं, तर त्या बाईचा हात चालूच होता. ती एकामागून एक आवाज सोडत होती आणि माझ्यापर्यंत त्यातला एकही येत नव्हता.

त्या खोलीत मला आमच्या घरची ती दुपार आठवली. पोरगी अशीच हाका मारत असेल.

डॉक्टरणीनं सगळं समोर बसून, तोंड दाखवून सांगितलं. वयानं कान उतरले आहेत, दोन्ही. बारीक आवाज आधी जातात. बाईचा, लेकराचा. मशीन लावलं तर बरंच ऐकू येईल, पण पहिल्यासारखं नाही. आणि विसरण्याचं? ती म्हणाली, "त्यातलं किती न ऐकल्यामुळं आणि किती खरंच विसरल्यामुळं, ते आज सांगता येत नाही. मशीन रोज लावा, माणसांत बसा, बोला. ऐकू येत नाही म्हणून माणूस बाजूला बसायला लागला की डोक्यालाही काम राहत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा पाहू." यांना तिनं वेगळं बजावलं, "आजींची उत्तरं तुम्ही द्यायची नाहीत." हे मोठ्यानं हव म्हणाले. सून तोंडाला पदर लावून हसली.

मशीन आलं. पहिले काही दिवस घर म्हणजे बाजार झाला. झाडू ओरडायचा, नळ ओरडायचा, प्लास्टिकची पिशवी तर कानात कोणी फाडतं आहे असं वाटायचं. हे जेवताना इतका आवाज करतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"काहून हसून राह्यली?" यांनी ताटावरून विचारलं.

"काई नाई."

पण खरी अडचण दुसरीच निघाली. यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत आणि दोन्ही कानांवरून घट्ट ओढून घ्यायचा, ही माझी लग्नापासूनची रीत. मी चहा घेऊन गेले, पदर ओढला, आणि कानात शिटी वाजली. माझ्या एकटीच्या कानात नाही, बाहेर सगळ्यांना ऐकू येईल अशी.

"कोनाचा फोन वाजून राह्यला गा?" भासरे खिसे चाचपायला लागले.

हेही खिसे पाहू लागले. मी जिथं होते तिथंच उभी. हलले की शिटी कमी व्हायची, पदर सावरला की वाढायची. चहा सांडतो की काय अशी माझी स्थिती. मी आत जाऊन मशीन काढलं आणि डाळीच्या डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशीही लावलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मशीनच खराब निघालं, आपल्या नशिबात नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. घर पुन्हा शांत झालं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. संक्रांत जवळ येत होती. सुनेनं पोरीचे कपडे वेगळे काढून ठेवायला सुरुवात केली होती, ते मी पाहत होते.

डाळ काढताना मशीन सुनेच्या हाताला लागलं. ती ते घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, अगदी जवळ.

"काय हो आत्याबाई, डाळ बहिरी झाली का आपली? तिच्यासाठी आनलं होतं का मी हे?"

जाऊबाई तिथंच बसून शेंगा सोलत होत्या. त्या हसून हसून लाल झाल्या. मला हसूही येईना, रडूही येईना. शेवटी मी सांगितलं. शिटी वाजते. भासऱ्यासमोर वाजली.

सुनेनं मशीन माझ्या कानाला लावलं. काही वाजलं नाही. मग माझा पदर धरून कानावरून ओढला. शिटी. पदर सोडला. बंद. पुन्हा ओढला. पुन्हा शिटी.

"मशीन चांगलं हाय," ती म्हणाली. "पदर कानाच्या मागून घ्या."

"भासऱ्यासमोर?"

"अवं, केसं झाकले म्हंजे झालं!" जाऊबाई म्हणाल्या. "तुहे कान पाहाले बसला हाय का माहा बुढा? त्याले स्वताचे दिसत नाई."

सुनेनं अंबाड्यापाशी पदराला पिन लावून दिली, कान मोकळे ठेवून. आरशात पाहिलं तर डोकं झाकलेलं होतं, पण मला उघडं पडल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी भासरे आले. मी चहा नेला. त्यांनी कप घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि कानातलं मशीन पाहिलं.

"हेच वाजत होतं का त्या दिवशी?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"मी घरी जाऊन समदे खिसे उलटे केले." मग यांच्याकडे वळून, "काय गा, मलेबी कमी येते आयकू. हिले सांगू नको." हिले म्हणजे जाऊबाईंना. पण जाऊबाई दारातच होत्या.

"मले काय सांगतं?" त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाले मालूम हाय."

तेव्हापासून मशीन सकाळी अंघोळ झाली की कानात आणि झोपताना डबीत. सून सकाळी निघताना एखादं काम सांगायची, आणि मी ते करायची. एकदा कळलं नाही तेव्हा म्हटलं, "अजून एकडाव सांग." तिनं पुन्हा सांगितलं. इतकंच. इतकं सोपं होतं ते. पोरगी आता अर्धवट शब्द जोडायला लागली होती. तिचं बोलणं मला आधी नुसतं तोंड हलल्यासारखं दिसायचं. आता कळलं, की ती दिवसभर कोंबडीशी भांडते.

संक्रांतीच्या आधी पुन्हा यवतमाळला गेलो. डॉक्टरणीनं तसेच शब्द सांगितले, मधे इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग ते शब्द परत विचारले. एक सुटला. फार आठवून पाहिलं, नाही आला. हे माझ्या शेजारी ओठ घट्ट मिटून बसले होते. त्यांना तो शब्द आठवत होता आणि सांगता येत नव्हता, त्यामुळं त्यांचा जीव चालला होता. डॉक्टरीण म्हणाली, पहिल्यापेक्षा खूप बरं आहे. थोडं विसरणं आहे, ते वयाचं असेल, नसेलही. पाहत राहू. आईबद्दल मी तिला विचारलं. ती म्हणाली, आईचं झालं म्हणून तुमचं होईलच असं नाही, आणि होणारच नाही असंही मी सांगणार नाही. मला ते आवडलं. उगीच गोड बोलली असती तर मी विश्वास ठेवला नसता.

घरी आल्यावर सुनेनं विचारलं, "पोरगी राहील का तुमच्याजवळ? आईले पुसदले काय कळवू?"

हे माझ्याकडे पाहत होते. मुलगाही. मला वाटलं लगेच हो म्हणावं, पोरीच्या कपड्यांची भरलेली बॅग रिकामी करावी. पण त्या पांढऱ्या भिंतीसमोर बसल्यापासून माझ्यात काहीतरी बदललं असावं.

"राहील," मी म्हटलं. "पन अंघोळीच्या वक्ती मशीन काढा लागते, तेव्हा तिले जाऊबाईजवळ देईन. आवाज येते पन कुठून येते ते मले समजत नाई, म्हनून ती नजरेसमोर पाह्यजे. कापसाच्या खोलीले कुलूप लावा, चाबी माह्याजवळ नको. अन् सांगायचं ते माह्या समोर येऊन सांगा. पाठीमागून नाई."

एवढं मी त्या घरात एका वेळी कधीच बोलले नव्हते. मुलानं उठून कुलूप शोधायला सुरुवात केली. सून फोन घेऊन अंगणात गेली, आणि मला आतून तिचा आवाज ऐकू आला, "नाई आई, नाई आनत तिले. पाहू आता काही दिवस."

दुसऱ्या दिवशी पोरगी आणि मी. मी सगळी कामं तिच्या आजूबाजूला उचलून नेली. ती सपरीत तर सूप सपरीत, ती अंगणात तर मी अंगणात. आवाज आला तरी डोळ्यानं पाहिल्याशिवाय राहवत नव्हतं. दुपारी ती झोपली तेव्हा मी तिच्या पायाशी बसून राहिले. उठली आणि जे बोलायला लागली ती थांबेचना. कोंबडीची तक्रार, मांजरीची तक्रार, मधेच काही गाणं. प्रत्येक शब्द पकडायचा म्हणजे डोक्याला किती काम पडतं ते मला त्या दिवशी समजलं.

दिवे लागायच्या वेळी सून आली. चप्पल काढताकाढता, माझ्या समोर येऊन तिनं विचारलं, "कशी राह्यली?"

"बोलून बोलून डोकं दुखवलं माहं," मी म्हटलं.

सून हसली आणि चहा ठेवायला आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा पोरीला माझ्या मांडीवर ठेवून गेली, आणि कापसाच्या त्या दुपारनंतर फाटकापाशी गेल्यावर वळून पाहायची तिला सवय लागली होती, पण आज ती वळली नाही.